वन्नीचं देणं

माझे दोन्ही पाय आज धड आहेत ते एका बाईमुळे. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. मी तिच्याशी बोललो नाही, तीही माझ्याशी थेट बोलली नाही. ती वन्नीतली होती. श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफना द्वीपकल्पाच्या खाली, जंगलांचा आणि तळ्यांचा जो मुलूख पसरलाय त्याला वन्नी म्हणतात. मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, शिकून तयार झालेला जवान. साल 1988. त्या बाईचं देणं तेव्हापासून माझ्या डोक्यावर आहे. माझ्याबरोबर तिथं असलेली माणसं आता एकेक करून जायला लागली आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

कोल्हापूर जिल्ह्याला फौज नवी नाही. सैनिक टाकळी तर नावातच फौज घेऊन उभी आहे. भरती निघाली की पहाटे चारला पोरं पळायला बाहेर पडतात. बेळगावचं मराठा सेंटर आमच्या भागाला जिल्ह्याच्या गावाइतकंच जवळचं. कोरियात 1953-54 साली युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताची तुकडी गेली, तिचे सेनापती जनरल थोरात कोल्हापूरचेच. पासष्टची, एकाहत्तरची, कारगिलची गोष्ट आमच्याकडे पारावर रंगते. लंकेची रंगत नाही. ती लढाई जिंकली असंही कुणी म्हणत नाही आणि हरली असंही म्हणत नाही. लंकेतून आलेला फौजी गावात आला की दोन दिवस लोक विचारायचे, मग ऊस, पाऊस आणि सोसायटीचं कर्ज. कुणाला दोष देत नाही. आम्ही तिथं का गेलो हे आम्हालाच नीट सांगता यायचं नाही, तर गावाला काय कळणार?

29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, लंकेच्या सैन्यानं बराकीत परतायचं, आणि मधे भारतीय शांतिसेना उभी राहायची, असं ठरलं होतं. त्या बंडखोरांतल्या लिट्टे या संघटनेनं शस्त्रं दिली ती नावापुरती. ऑक्टोबरात शांतिसेनेलाच जाफना लढून घ्यावं लागलं. त्या चढाईत 91 ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, महार रेजिमेंटची आठवी होती. म्हणजे मराठी पोरं आघाडीला होती. आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत वाढलेले. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी शत्रूच्या हातातली रायफल हिसकावून घेतली आणि त्यालाच टिपलं. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. लंकेच्या मोहिमेतलं ते एकमेव परमवीरचक्र.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. 21 ऑक्टोबर 1987 ला जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात भारतीय जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि खाटांवरचे रुग्ण मारले गेले. तिथले लोक ते विसरलेले नाहीत. वन्नीतल्या खेड्यापाड्यांपर्यंत ती बातमी पोचलेली होती. आम्ही गणवेशात दिसलो की बायका पोरांना आत ओढायच्या. हे ठाऊक असल्याशिवाय त्या बाईनं माझ्यासाठी काय केलं त्याचं मोल कुणालाही कळायचं नाही.

खडकीला आमचे एक उस्ताद होते. चंदगड तालुक्यातले, हवालदार, बोलायला तुसडे. सुरुंग शोधायचं काम शिकवताना पहिल्या दिवशी त्यांनी डिटेक्टरला हातसुद्धा लावू दिला नाही. म्हणाले, "यंत्र मागनं. आदी माणसं बघायची. गावची माणसं कुठल्या वाटंनं जात्यात, कुठली वाट सोडत्यात, ढोरं कुठं चरत्यात. माती खोटं बोलंल, यंत्र खोटं बोलंल, पायवाट खोटं बोलत न्हाई." तेव्हा आम्हा पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला यंत्र चालवता येत नसेल. त्या उस्तादांचंही देणं आहे. त्यांनी शिकवलं नसतं तर ती बाई सांगत होती ते मला ऐकूच आलं नसतं.

1988 च्या मध्यावर शांतिसेनेनं वन्नीत मोठी मोहीम काढली होती. माझं काम रोज सकाळी रस्ता खुला करायचं. पायदळाची तुकडी मागं, पुढं आम्ही सॅपर. एकाच्या कानाला डिटेक्टर, दुसऱ्याच्या हातात प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई. ती तिरकी धरून माती टोचत जायचं. मुल्लैतीवूच्या रस्त्यापासून आत, एका तळ्याच्या बांधाकडं जाणारी बैलगाडीची वाट होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या बाईची माणसं अजून तिथं असतील, आणि जुने हिशेब कुठं कधी उघडले जातील ते सांगता येत नाही.

समोरून ती बाई गाय घेऊन आली. वाटेत पुढं एक मोरी होती, सिमेंटच्या पाइपाची. मोरीपासून थोड्या अंतरावर तिनं गाय थांबवली आणि तिच्यावर ओरडायला लागली. "पोगादे! पोगादे!" शांतिसेनेत वर्षभर राहिल्यावर इतकं तमिळ प्रत्येकाला येत होतं. जाऊ नको, जाऊ नको. पण गाय कुठं जातच नव्हती. ती मुकाट उभी होती, तोंड आमच्याकडं करून. ती बाई दावं ओढत होती, गाईच्या पाठीवर चापट मारत होती, आणि नजर जमिनीत रोवून तेच ओरडत होती. मग तिनं गाय वाटेवरून खाली घेतली, काटेरी झुडपातून वळसा घालून आम्हाला ओलांडलं आणि आमच्या मागं पुन्हा वाटेवर चढली. एकदाही मान वर केली नाही.

मी हात वर केला. तुकडी बसली.

मोरीच्या पाइपात मातीनं लिंपलेला पिंप निघाला. त्यातून एक तार निघून झुडपात गेली होती. तारेच्या दुसऱ्या टोकाला जो कुणी बसला होता तो आम्ही थांबल्यावर पळाला असणार, कारण नंतर तिथं चेपलेलं गवत आणि पाण्याचा डबा सापडला. पिंपातला दारूगोळा ट्रक उडवायला पुरला असता. मी त्या मोरीवर आधी पोचणारा माणूस होतो, मला काय पुरलं असतं ते सांगायला नको.

धन्यवाद म्हणायला मी मागं वळलो नाही. वळलो असतो तर तिचा जीव गेला असता. भारतीय फौजेला खबर दिल्याच्या संशयावरून लिट्टेनं माणसांना मारून विजेच्या खांबांना बांधल्याच्या गोष्टी आम्हाला माहीत होत्या. आमच्या सुभेदारसाहेबांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की सुरुंग डिटेक्टरनं सापडला. बाईचा उल्लेख केला नाही. त्या गावावरून पुन्हा गस्त गेली तेव्हा मी तिला शोधायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही.

शांतिसेनेची शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून जास्त जवान तिथंच राहिले. मद्रासच्या बंदरात जहाजं लागली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. कोलंबोला आम्ही नको झालो होतो, लिट्टेला नको होतो, आणि आपल्याकडंही आम्हाला काय म्हणावं ते ठरत नव्हतं. पुढच्याच वर्षी, 21 मे 1991 ला, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्यानंतर तर लंकेतल्या तमिळांबद्दल चांगला शब्द काढायचीही सोय राहिली नाही. "मेजर, ज्यांच्यासाठी गेलासा त्यांनीच मारलं की," असं गावात लोक म्हणायचे. आमच्याकडं साध्या शिपायालाही मेजरच म्हणतात. मी गप्प बसायचो. लिट्टे वेगळी आणि वन्नीतली गाय राखणारी बाई वेगळी, हे पारावर बसून पटवून द्यायचं कसं?

मी ते फक्त आईला सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. हात थांबवून तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "तिला पोरंबाळं हायती का?" मला माहीत नव्हतं. "आन् नाव?" तेही माहीत नव्हतं. त्या वर्षी नवरात्रात आई कोल्हापूरला अंबाबाईला गेली तेव्हा तिनं दोन ओट्या भरल्या. एक घरची. दुसरी, तिच्या शब्दांत, "लंकेतल्या लेकीची". त्यानंतर दर नवरात्रात तेच. गुडघे गेले तरी एस.टी.च्या गर्दीत खण-नारळाची पिशवी छातीशी धरून ती जायची. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "आत्ती, नाव ठाऊक नसलेल्या बाईची ओटी देवीला पोचती का?" आई म्हणाली, "देवीला ठावं हाय की."

2009 च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात लोकसभेच्या निकालाशिवाय दुसरा विषय नव्हता. 16 मेला निकाल लागला. सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहून निवडून आले होते. चौकाचौकांत गुलाल उधळला होता. मी तेव्हा निवृत्त होऊन एका साखर कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी करत होतो. रात्रपाळी संपवून घरी आलो की टीव्हीवर निकालांच्या चर्चेत मधेच लंका दिसायची. एक नकाशा, त्यावर लाल पट्टा, आणि तो पट्टा दर दिवशी लहान झालेला.

त्या नकाशावरची नावं मी पायांनी चाललो होतो. 2 जानेवारीला किलिनोच्ची पडलं, 25 जानेवारीला मुल्लैतीवू. तेवढ्यात लढाई संपायला हवी होती. पण लिट्टे माघार घेताना वन्नीतल्या लाखो माणसांना बरोबर ओढत पूर्वेला नेत होती. घरातलं एक पोर लढायला सक्तीनं न्यायचं, पळू बघणाऱ्यांवर गोळ्या घालायच्या. आणि सरकारनं ज्या पट्ट्यांना सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं त्याच पट्ट्यांवर तोफगोळे पडत होते. आधी रस्त्याकडेची गावं, मग पुदुमात्तळनचा किनारा, शेवटी मुल्लीवाईक्काल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नंदीकडल नावाची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली माणसं. 20 एप्रिलला सैन्यानं लिट्टेनं घातलेला मातीचा बांध फोडला तेव्हा काही दिवसांत लाखाच्या घरात लोक पाण्यातून चालत बाहेर पडले. उरलेल्यांचं 18 मेपर्यंत काय झालं हे जगाला पुरतं कधीच कळलं नाही. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन नंदीकडलच्या काठावर मारला गेला. 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं म्हटलं की त्या शेवटच्या महिन्यांत 40 हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. श्रीलंका सरकारला हा आकडा मान्य नाही.

टीव्हीवर विजयाचे झेंडे दाखवत होते. आई पडद्याजवळ जाऊन बसायची, पाण्यातून येणाऱ्या बायकांचे चेहरे बघायची आणि मला विचारायची, "ह्यात असंल का रं ती?"

मी म्हणायचो, असेल. सत्तावीस-अठ्ठावीसची होती तेव्हा, आता पन्नाशीला आली असेल. आईला ते पटायचं. मला पटत नव्हतं.

जखमींना त्या किनाऱ्यावरून बाहेर काढायला रेडक्रॉसच्या जहाजाखेरीज मार्ग उरला नव्हता. ते जहाज पुलमोड्डईला जखमी उतरवायचं, आणि मार्चपासून तिथं भारतातून गेलेलं वैद्यकीय पथक त्यांना ताब्यात घेत होतं. ही बातमी आपल्याकडं छोटी आली, पण मी ती कापून ठेवली. वाटलं, कुणीतरी आपलं देणं थोडं का होईना फेडतंय.

त्याच वर्षी माझ्या एका जुन्या अधिकाऱ्यांचा फोन आला. भारत सरकार लंकेत सुरुंग काढण्यासाठी पथकं पाठवत होतं, पुढं ती सात झाली. निवृत्त इंजिनिअर अधिकारी आणि सॅपर जवान यांची भरती चालू होती. अधिकारी म्हणाले, "तुला वन्नी माहीत आहे." मी होय म्हटलं. बायकोनं दोन दिवस जेवण नीट केलं नाही. पोरगं बारावीला होतं. तिचं म्हणणं खरं होतं, पेन्शन आहे, नोकरी आहे, पाय शाबूत आहेत, कशाला परत जायचं? तिला आईनंच समजावलं. काय बोलल्या दोघी मला माहीत नाही. निघताना आईनं एक हिरवा खण दिला. म्हणाली, "घावली तर तिच्या वट्यात घाल. न्हाई घावली तर तिथल्या देवीला दे."

किलिनोच्चीत शिरताना पहिली दिसली ती पाण्याची टाकी. लिट्टेनं शहर सोडताना ती उडवली होती. भलीमोठी काँक्रीटची टाकी आडवी पडलेली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, पण शेंडे उडालेली, नुसते काळे खांब. घरांना छप्परं नाहीत. माणसं कुठंच नाहीत, कारण जी वाचली ती जवळजवळ तीन लाख माणसं वव्हुनियाजवळच्या मेनिक फार्म आणि इतर छावण्यांत तारेच्या कुंपणाआड होती. जमीन साफ झाल्याशिवाय त्यांना घरी सोडत नव्हते. म्हणजे आम्ही किती भराभर काम करतो यावर कुणीतरी आपल्या उंबऱ्यावर कधी पोचणार ते अवलंबून होतं. हे कळल्यावर रविवारची सुट्टी नकोशी वाटायची.

सुरुंग दोन्ही बाजूंनी पेरलेले होते. सैन्याचे बहुतेक कारखान्यातले, त्यात पाकिस्तानी बनावटीचा पी-फोर भरपूर. मूठभर प्लास्टिकची डबी, धातू इतका कमी की डिटेक्टर क्वचितच बोलतो. लिट्टेचे स्वतः बनवलेले. पी-फोरची नक्कल त्यांनी केली होती, तिचं नाव रंगन. आणि जॉनी नावाचा लाकडी पेटीतला सुरुंग, जो वर्षानुवर्षांच्या पावसात कुजून मातीच होऊन जातो, आतली दारू मात्र जिवंत राहते. असा सुरुंग माणूस मारण्यापेक्षा त्याचा पाय घोट्यापासून किंवा गुडघ्यापासून नेतो. रणांगणावर मेलेला एक, जखमी झालेला स्वतःसकट उचलणाऱ्या दोघांना अडकवतो, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब ज्यानं मांडला त्याला शेतात पाय टाकणारी बाई दिसली नव्हती.

खडकीत शिकलेलं इथं पुरं पडलं नाही. वन्नीच्या मातीत दंताळ्याची पद्धत चालते, आणि ती मला तिथल्या माणसांकडून शिकावी लागली. आधी एक उथळ चर खणायचा. मग गुडघ्यावर बसून लांब दांड्याच्या दंताळ्यानं समोरची माती हलकेच आपल्याकडं ओढायची. भुईमूग काढल्यावर मागं राहिलेल्या शेंगा माती चाळून वेचतात, तसं. सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडला तर तो फुटतो, बाजूनं माती सरकली तर तो निमूट उघडा पडतो. मीटरभर रुंदीची पट्टी, वीतभर खोली, दोन्ही अंगांना लाल टोकाच्या काठ्या. तोंडावर जाड पारदर्शक ढाल, अंगावर जाडजूड एप्रन, आणि पस्तीस अंशाचं ऊन. दिवसभरात जी जमीन साफ व्हायची तिच्यावर आमच्याकडं दोन खाटा मांडल्या तर तिसरी मावायची नाही.

हे काम मला शिकवलं एका तमिळ मुलीनं. वय विशीच्या आसपास. स्थानिक भरतीतली. तिचा हात इतका हलका होता की माती कुरकुरायची नाही. ती मला ऐया म्हणायची, आणि मी घाई केली की दंताळ्याच्या दांड्यावर बोट वाजवून थांबवायची. तिची कहाणी मी कधी विचारली नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी कळली. भावाला लिट्टेनं लढायला नेलं, तो परत आला नाही. आई मुल्लीवाईक्कालला तोफगोळ्यात गेली. तिला वाळूत पुरायलाही वेळ मिळाला नव्हता.

एकदा डबा खाताना तिनं विचारलं, "ऐया, तुम्ही पहिल्यांदा आला होतात तेव्हा कुठं होतात?" पथकातल्या लोकांना ठाऊक होतं की आमच्यापैकी काही जण शांतिसेनेत होते, पण तो विषय कुणी काढत नसे. मी सांगितलं. मोहीम, गस्त, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की तिच्या चुलत्याला भारतीय जवानांनी पकडून नेऊन मारहाण केली होती, तो आयुष्यभर एका कानानं बहिरा राहिला. बोलताना तिचा आवाज चढला नाही. मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो? थोडा वेळ ती गप्प बसली आणि मग माझ्या डब्याच्या झाकणात तिनं आपल्या डब्यातलं खोबऱ्याचं सांबोल वाढलं. त्या दिवशी मी तिला मोरीची आणि गाईची गोष्ट सांगितली. आईनंतर ती ऐकणारं दुसरं माणूस तीच.

तिनं मग स्वतःहून शोध घेतला. छावणीतल्या बायकांना विचारलं, त्या गावच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांना विचारलं. गाव पूर्ण उठून पूर्वेला गेलं होतं. काही मेनिक फार्ममध्ये, काही जाफन्यात नातेवाइकांकडं, काही भारतात रामेश्वरमजवळच्या मंडपमच्या छावणीत, आणि बरेच कुठंच नाहीत. शिक्षक म्हणाले, त्या काळात गावात गाई प्रत्येक घरी होत्या. कुठल्या घरची म्हणून सांगू? सुटीच्या दिवशी मी त्या गावात जाऊन आलो. मोरी नवी झाली होती. बांध होता, तळं होतं, विहिरी बुजलेल्या, भिंती उभ्या आणि चौकटी गायब. पाय ठेवायला परवानगी फक्त रस्त्यावर होती, बाकी सगळीकडं लाल पाट्या आणि त्यांवर कवटी.

तो टापू पुढं आमच्या पथकाकडं आला नाही. दुसऱ्यांनी तो साफ केला. मला तो हवा होता, मी मागितलाही होता, पण नेमणुका मागून मिळत नसतात. मी दुसऱ्यांच्या गावात काम केलं, दुसऱ्यांच्या विहिरींभोवती, शाळेच्या आवारात, एका चिंचेखालच्या देवळाच्या वाटेवर. जमीन सोपवायच्या दिवशी लोक येतात. अधिकारी कागदावर सही करतो, आणि मग कुणीतरी पहिलं पाऊल टाकायचं असतं. लोक आमच्याकडं बघतात. रिवाज असा की ज्यानं जमीन साफ केली तो आधी चालत जातो. मी चालत गेलो आहे. मागून बायका, पोरं, कडेवरची बाळं. एका घराच्या जोत्यावर एक विधवा बसली आणि तिनं चुलीचे तीन दगड आधी शोधून काढले. पुढच्या आठवड्यात तिथून जाताना तिनं आम्हाला बोलावून ताक दिलं, त्यात कढीपत्ता आणि हिरवी मिरची ठेचून घातलेली.

नंदीकडलच्या काठाला वट्टापलई म्हणून गाव आहे. तिथं कण्णगी अम्मनचं देऊळ आहे. मे-जूनमध्ये तिथं मोठी जत्रा भरते, समुद्राच्या पाण्यानं दिवा पेटवतात. ज्या खाडीत शेवटच्या दिवसांत माणसं वाहत होती तिच्याच काठावर ही देवी बसलेली. लोक परतले तशी जत्रा पुन्हा भरू लागली. मी आणि ती मुलगी गेलो. नारळ तिथंच घेतला. पुजाऱ्यांनी खण हातात घेऊन उलगडून पाहिला, असं कापड त्यांनी पाहिलं नव्हतं. मुलीनं त्यांना तमिळमध्ये काही सांगितलं. किती सांगितलं ते मला कळलं नाही, पण पुजाऱ्यांनी खण बाजूला न ठेवता देवीच्या खांद्यावर घातला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं विचारलं, "देवी कशी हाय?" मी म्हटलं, आपल्यासारखीच, फुलांत बुडालेली. आई पुढं फार दिवस राहिली नाही. तिच्यामागं ओटी माझी बायको भरते.

लंकेतलं ते काम अजून संपलेलं नाही. श्रीलंकेनं डिसेंबर 2017 मध्ये सुरुंगबंदीच्या करारात प्रवेश केला, आणि त्या करारानं देश सुरुंगमुक्त करायला 2028 पर्यंत मुदत दिली. उत्तरेत आजही दंताळं धरून गुडघ्यावर बसणारे बरेच हात बायकांचे आहेत, त्यातल्या कितीतरी त्या युद्धात नवरा गमावलेल्या. ती मुलगी आता एका पथकाची प्रमुख आहे. पोंगलला तिचा फोन येतो.

मला काही लोक म्हणतात, सुरुंग काढून तुम्ही देणं फेडलं. नाही. मी त्या बाईसाठी काही केलेलं नाही. मी तिच्या मुलखातल्या दुसऱ्या बायकांसाठी काम केलं, त्याचा पगार घेतला. तिनं घेतला नव्हता.

आपल्या जिल्ह्यात, बेळगाव सीमेकडच्या गावांत, साताऱ्यात-सांगलीत लंकेत जाऊन आलेले फौजी अजून आहेत. साठीच्या पुढचे झालेत. त्यांच्याकडं कुणी जात नाही, कारण त्या लढाईचं काय करायचं ते कुणाला माहीत नाही. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असा कुणी असेल तर जाऊन बसा त्याच्यापाशी. किती मारले ते विचारू नका. तिथं तुला कुणी वाचवलं, कुणी पाणी दिलं, ते विचारा. आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या, कारण त्या गावांतल्या माणसांची नोंद दुसरीकडं कुठंही नाही.